गॅलनमागे किती मैल?

न्यू जर्सीत आपल्या गाडीत आपल्या हाताने पेट्रोल भरता येत नाही. १९४९ च्या राज्य कायद्याने पंपाची नळी ग्राहकाच्या हाती देण्यास बंदी घातली. २०२३ मध्ये ओरेगनने आपले निर्बंध उठवले आणि हा नियम राज्यभर पाळणारं न्यू जर्सी हे अमेरिकेतलं एकमेव राज्य उरलं. मर्सर काउंटीतल्या वेस्ट विंडसरमधली मराठी कुटुंबं या सोयीला चांगलीच सरावली आहेत. काच खाली करायची, ‘रेग्युलर, फुल’ एवढं सांगायचं, कार्ड पुढे करायचं आणि निघायचं. जानेवारीच्या गारठ्यात ही सोय मोलाची आहे. मात्र तिच्यामुळे एक गोष्ट सुटते. टाकीत किती गॅलन गेलं आणि त्या आधीच्या गॅलनांनी किती मैल नेलं, याचा हिशेब कोणीच ठेवत नाही.

ज्या माणसाने पुण्यात किंवा नाशिकला असताना स्कूटरच्या लिटरचा हिशेब तोंडपाठ ठेवला, तोच माणूस इथे गाडीच्या ॲव्हरेजबद्दल गप्प असतो. पेट्रोल स्वस्त वाटतं, पगार बरा असतो. पण एक गॅलन पेट्रोल जळलं की सुमारे ८.९ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. ती हवा आपल्याच मुलांच्या वाट्याला येणार आहे. म्हणून हा हिशेब पैशांच्या पलीकडचा आहे, आणि छोटी गाडी घेतली म्हणजे तो आपोआप सुटला असंही होत नाही.

वेस्ट विंडसरमधलं गाडी चालवणं ढोबळमानाने तीन प्रकारचं असतं: घरापासून प्रिन्स्टन जंक्शन स्टेशन, शाळा किंवा दुकानापर्यंतच्या दोन-तीन मैलांच्या फेऱ्या, रूट वनवरचा सिग्नलांचा प्रवास, आणि न्यू जर्सी टर्नपाइकवरचा लांबचा पल्ला. तिन्ही ठिकाणी पेट्रोल वेगवेगळ्या कारणांनी वाया जातं. कारण कळलं की उपाय सोपा होतो.

आधी मोजमाप

अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या गाडीच्या काचेवर पर्यावरण संरक्षण संस्थेचा, म्हणजे ईपीएचा, मायलेजचा आकडा चिकटवलेला असतो. २०२४ च्या साध्या टोयोटा कोरोला एलईवर तो शहरात ३२, हायवेवर ४१ आणि एकत्रित ३५ मैल असा आहे. मैल-गॅलनच्या आकड्याला ०.४२५ ने गुणलं की आपल्या ओळखीचा किलोमीटर-लिटरचा आकडा मिळतो. म्हणजे ३५ चे साधारण १४.९.

भारतात याच कामासाठी पुण्याच्या वेताळ टेकडीवरच्या एआरएआय या वाहन संशोधन संस्थेचा आकडा प्रमाण मानला जातो. १९६६ साली स्थापन झालेल्या या संस्थेचे आकडे आणि रस्त्यावरचा अनुभव यांत मोठी तफावत पडते, ही प्रत्येक गाडीमालकाची तक्रार असते. भारतीय चाचणीचं चक्र सौम्य आहे. त्यात वेग ९० किलोमीटरच्या वर जात नाही. अमेरिकेनेही २००८ च्या मॉडेलांपासून आपली पद्धत बदलली. पूर्वीच्या शहर आणि हायवे चाचण्यांच्या जोडीला जोरकस चालवणं, चालू एसी आणि कडाक्याची थंडी यांच्याही चाचण्या हिशेबात धरल्या गेल्या. त्यामुळे इथला आकडा वास्तवाच्या बराच जवळ आला. तरीही तो सरासरी चालकाचा आहे. तुमचा आकडा तुम्हालाच काढावा लागतो.

पद्धत जुनीच आहे. टाकी फुल करायची, ट्रिप मीटर शून्यावर आणायचा, नेहमीसारखी गाडी चालवायची आणि पुन्हा टाकी फुल करायची. समजा मधल्या काळात ३१० मैल झाले आणि दुसऱ्या वेळी ९.४ गॅलन बसलं, तर मायलेज ३३. न्यू जर्सीत एक काळजी जास्त घ्यावी लागते. नळी पहिल्यांदा क्लिक करून थांबल्यावर काही पंपावरचे लोक डॉलरचा आकडा पूर्ण करायला आणखी थोडं भरतात. त्यांना नम्रपणे सांगावं, ‘पहिल्या क्लिकला थांबवा.’ शक्यतो तोच पंप धरावा. एका टाकीवरून निष्कर्ष काढू नये; पाठोपाठच्या तीन-चार टाक्यांची सरासरी विश्वासाची. डॅशबोर्डवरचा आकडा सोयीचा असतो, पण तो गाडीच्या संगणकाने केलेला अंदाज आहे.

थंड इंजिनाची किंमत

सकाळी घरातून निघून प्रिन्स्टन जंक्शनला गाडी लावायची, न्यूयॉर्कची लोकल पकडायची आणि संध्याकाळी परत यायचं, हा इथल्या कितीतरी घरांचा दिनक्रम आहे. जाताना तीन मैल, येताना तीन मैल. अंतर किरकोळ दिसतं, पण दोन्ही वेळा इंजिन गार पडलेलं असतं.

थंड इंजिन सुरू होतं तेव्हा पेट्रोलची नीट वाफ होत नाही, म्हणून संगणक जास्त पेट्रोल सोडतो. धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापल्याशिवाय काम करत नाही, तोही लवकर तापावा अशी व्यवस्था असते. इंजिन आणि गिअरबॉक्समधलं तेल थंडीत बाटलीतल्या खोबरेलासारखं जड होतं, आणि त्यातून प्रत्येक भाग फिरवायला जास्त जोर लागतो. बॅटरी, काचेवरचं दव घालवणारा हीटर, गरम होणारी सीट यांचा भार वेगळाच. इंजिन पूर्ण तापायला काही मैल लागतात, आणि नेमकं ते तापतं तेव्हा स्टेशन आलेलं असतं.

अमेरिकेच्या ऊर्जा विभागाचे आकडे बोलके आहेत. तापमान २५ अंश सेल्सियसवरून उणे ७ वर आलं, की साध्या पेट्रोल गाडीचं शहरातलं मायलेज सुमारे १५ टक्क्यांनी घसरतं. फेरी तीन-चार मैलांचीच असेल तर घसरण २४ टक्क्यांपर्यंत जाते. हायब्रिड गाड्यांना थंडीचा फटका आणखी मोठा, ३० ते ३४ टक्क्यांचा बसतो. हायब्रिड घेतलेल्यांना पहिल्या हिवाळ्यात गाडी बिघडल्याची शंका येते, तिचं कारण हे आहे. शिवाय हिवाळ्यात पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलची घडणही वेगळी असते आणि त्यात दर गॅलनला ऊर्जा किंचित कमी असते.

यावर उपाय कोणता? पहिला म्हणजे फेऱ्या जोडणं. शनिवारी सकाळी मुलीला नृत्याच्या वर्गाला सोडून घरी यायचं, तासाभराने भाजीला जायचं, दुपारी लायब्ररीत, यात इंजिन प्रत्येक वेळी निवत जातं. तीच तीन कामं एका फेरीत केली तर इंजिन एकदाच तापतं आणि मैलही कमी होतात. सगळ्यात लांबचं काम आधी करावं. इंजिन नीट तापतं आणि परतीच्या वाटेवरच्या थांब्यांमध्ये फारसं निवत नाही.

दुसरा उपाय म्हणजे दारात गाडी तापवत न ठेवणं. रिमोटने इंजिन चालू करून पंधरा मिनिटं गाडी धुमसत ठेवायची सवय बर्फाळ भागात सर्रास दिसते. उभ्या गाडीचं इंजिन आकारानुसार तासाला पाव ते अर्धा गॅलन पेट्रोल पितं, आणि तेवढा वेळ मायलेज शून्य असतं. आजच्या इंजिनाला अर्धं मिनिट पुरतं. त्यानंतर हळू चालवत निघालं की ते अधिक लवकर तापतं. काचांवरचा बर्फ मात्र पूर्ण खरवडून काढलाच पाहिजे. ती सुरक्षिततेची बाब आहे आणि छतावरचा बर्फ काढणं या राज्यात कायद्यानेही बंधनकारक आहे. इंजिन चालू ठेवून उभं राहण्यावरही न्यू जर्सीत सर्वसाधारणपणे तीन मिनिटांची मर्यादा आहे. शाळेबाहेरच्या रांगेत मुलांची वाट पाहताना ही मर्यादा प्रत्येक पालकाने आठवावी.

तिसरा उपाय सर्वात चांगला: दोन मैलांसाठी गाडी काढूच नये. पदपथ आणि सायकलमार्ग वाढावेत म्हणून वेस्ट विंडसरमध्ये ‘वेस्ट विंडसर बायसिकल अँड पेडेस्ट्रियन अलायन्स’ ही नागरिकांची संस्था अनेक वर्षं काम करते आहे. चांगल्या हवेच्या महिन्यांत स्टेशनपर्यंत सायकलने गेलेल्या माणसाचं त्या फेरीचं पेट्रोल शून्य असतं. कोणतीही हायब्रिड त्याची बरोबरी करू शकत नाही.

रूट वन आणि उजवा पाय

ट्रेंटनकडून न्यू ब्रन्सविककडे जाणारा रूट वन वेस्ट विंडसरमधून जातो. गर्दीच्या वेळी इथली वाहतूक सिग्नलगणिक थांबते, सुटते, पुन्हा थांबते. इथे मायलेज ठरवतो तो चालकाचा पाय.

हिशेब करून पाहू. माणसासकट १,४०० किलोची छोटी गाडी ताशी ५० मैलांनी धावत असेल, तर तिच्या गतीत साधारण ३५० किलोज्यूल ऊर्जा साठलेली असते. एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ३२ मेगाज्यूल ऊर्जा असते, पण इंजिन त्यातला साधारण चौथा हिस्साच चाकांपर्यंत पोचवतं. म्हणजे त्या वेगापर्यंत यायला सुमारे ४५ मिलिलिटर पेट्रोल खर्ची पडलं. लाल दिवा दिसेपर्यंत ॲक्सिलरेटर दाबून ठेवला आणि मग करकचून ब्रेक मारला, की हे सगळं पेट्रोल ब्रेकच्या चकत्या तापवण्यात गेलं. अशा दहा थांब्यांत जवळजवळ अर्धा लिटर उडतो.

आता दुसरा चालक पाहा. लांबवर दिवा लाल दिसताच तो पाय उचलतो. गाडी आपल्याच गतीने सरकत राहते, हळूहळू तिचा वेग २५ मैलांवर येतो आणि तेवढ्यात दिवा हिरवा होतो. या मधल्या अंतरात त्याने पेट्रोल जाळलं नाही, आणि त्याला शून्यापासून सुरुवातही करावी लागली नाही. सिग्नल दोघांनीही जवळपास एकाच वेळी ओलांडला. ऊर्जा विभागाच्या मते धसमुसळ्या चालवण्याने हायवेच्या वेगात १५ ते ३० टक्के आणि थांबत-सुटत चालणाऱ्या वाहतुकीत १० ते ४० टक्के मायलेज जातं. इथल्या बहुतेक उपायांपेक्षा हा आकडा मोठा आहे, आणि त्यासाठी एक सेंटही खर्च होत नाही.

यासाठी करायचं एवढंच. पुढच्या गाडीपासून तीन-चार सेकंदांचं अंतर ठेवायचं, म्हणजे तिच्या प्रत्येक ब्रेकला आपल्याला ब्रेक लावावा लागत नाही. नजर पुढच्या बंपरवर न ठेवता त्याच्याही पुढच्या दोन-तीन गाड्यांवर आणि सिग्नलवर ठेवायची. हिरवा दिवा लागल्यावर रेस न देता, पण रेंगाळतही न राहता वेग घ्यायचा. मागच्या गाड्यांची अडवणूक होईल इतकं सावकाश जाणं हा बचतीचा मार्ग नव्हे.

टर्नपाइकवरचा वारा

मोकळ्या रस्त्यावर छोट्या गाडीचा मुख्य विरोधक हवा असते. हवेचा अवरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ६० वरून ७० वर गेलं की वेग सहाव्या हिश्शाने वाढतो, पण हवेचा अवरोध ३६ टक्क्यांनी. ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने ७४ गाड्यांच्या आकड्यांवरून काढलेल्या सरासरीनुसार, ५० वरून ६० मैलांवर गेल्यावर मायलेज सुमारे १२ टक्क्यांनी, ६० वरून ७० वर आणखी १४ टक्क्यांनी आणि ७० वरून ८० वर आणखी १५ टक्क्यांनी घटतं.

वेस्ट विंडसरहून नेवार्क विमानतळ सुमारे ४० मैलांवर आहे. सबंध वाट ६० ने गेलं तर ४० मिनिटं लागतील, ७० ने गेलं तर ३४. सहा मिनिटांसाठी १४ टक्के मायलेज, असा हा सौदा आहे. दहा मिनिटं आधी निघणाऱ्याला तो करावा लागत नाही.

हे गणित अमेरिकेने एकदा देशपातळीवर मांडलं होतं. ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब देशांनी तेल रोखलं. २ जानेवारी १९७४ रोजी अध्यक्ष निक्सन यांनी सही केलेल्या कायद्याने देशभर ताशी ५५ मैलांची वेगमर्यादा आली. फेब्रुवारीत न्यू जर्सीचे गव्हर्नर ब्रेंडन बर्न यांनी सम-विषम पद्धत लागू केली: नंबरप्लेटचा शेवटचा आकडा सम असेल तर सम तारखेला पेट्रोल, विषम असेल तर विषम तारखेला. १९७५ मध्ये मोटार कंपन्यांना सरासरी मायलेज वाढवणं बंधनकारक करणारा कायदा झाला. ५५ ची राष्ट्रीय मर्यादा १९९५ मध्ये उठली, पण १९७५ चा कायदा टिकला. १९७५ मध्ये नव्या गाड्यांची सरासरी गॅलनला १३ मैलांच्या आसपास होती. २०२३ च्या मॉडेलांसाठी ती २७.१ झाली. आज घरोघरी दिसणारी कोरोला किंवा सिव्हिक अमेरिकेत रुजली ती याच टंचाईच्या काळात.

टायर, डिकी आणि टप

तापमान दर १० अंश फॅरनहाइटने उतरलं की टायरमधला दाब साधारण १ पीएसआयने घटतो. सप्टेंबरात ७७ अंशांवर ३३ पीएसआय भरलेला टायर जानेवारीत २७ अंशांवर न गळताही २८ वर येतो. डॅशबोर्डवरचा इशारा मात्र दाब शिफारशीपेक्षा २५ टक्क्यांनी खाली गेल्यावर, म्हणजे २५ च्या खाली उतरल्यावरच देणं कंपन्यांना बंधनकारक आहे. दिवा लागला नाही म्हणून हवा बरोबर आहे असं समजू नये. सर्व टायरांत सरासरी १ पीएसआय कमी झाला की मायलेज ०.२ टक्क्याने घटतं. म्हणजे इथे तोटा एक टक्क्याचा. बचत छोटी आहे, पण कमी हवेने टायर कडेला झिजतात आणि ओल्या रस्त्यावर पकड बिघडते, म्हणून हे काम टाळू नये. महिन्यातून एकदा, सकाळी गाडी हलवण्यापूर्वी दाब मोजावा. भरायचा आकडा चालकाच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवरचा. टायरच्या अंगावर छापलेला आकडा ही कमाल मर्यादा असते.

डिकीत साठलेलं सामानही उतरवावं. बर्फावर टाकायच्या मिठाच्या गोण्या, मुलांचं खेळाचं सामान, घडी केलेल्या खुर्च्या असं करत १०० पौंड सहज भरतात, आणि तेवढ्या वजनाने सुमारे एक टक्का मायलेज जातं. गाडी जितकी छोटी, तितका वजनाचा परिणाम जास्त.

टपावरची पेटी मात्र मोठी चोर आहे. उन्हाळ्यात भारतातून आई-बाबा येतात, नायगाराचा बेत ठरतो, सामान मावत नाही म्हणून टपावर पेटी चढते. इंटरस्टेटच्या वेगात अशी मोठी पेटी १० ते २५ टक्के मायलेज खाते. नायगारा जाऊन-येऊन साधारण ८०० मैल. गॅलनला ४० मैल देणाऱ्या गाडीला २० गॅलन लागले असते. १५ टक्के घट धरली तर साडेतेवीस लागतील. सामान मागच्या बाजूला लावायच्या कॅरियरवर ठेवलं तर तोटा एक ते पाच टक्क्यांवर येतो. प्रवास संपला की पेटी आणि कॅरियर दोन्ही उतरवावेत. कित्येक गाड्या दिवाळीपर्यंत रिकामी पेटी वाहत फिरतात.

काही जुन्या समजुती

खंडाळ्याच्या किंवा खंबाटकीच्या घाटात उतारावर गाडी न्यूट्रलवर टाकणारे अनेक जण आपण पाहिले आहेत. आजच्या इंजिनात गाडी गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की पेट्रोलचा पुरवठा पूर्ण बंद होतो. न्यूट्रलवर टाकली तर इंजिन चालू ठेवायला पेट्रोल लागतं. म्हणजे न्यूट्रलने बचत होत नाही, इंजिनाचा ब्रेक हातचा जातो आणि जीव धोक्यात येतो. ही सवय कायमची सोडून द्यावी.

महागडं प्रीमियम पेट्रोल भरून मायलेज वाढत नाही. गाडीच्या पुस्तिकेत ८७ ऑक्टेन लिहिलं असेल तर तेच भरावं. इथला ८७ हा दोन वेगळ्या मोजणींची सरासरी असतो. भारतातल्या मोजणीने तो साधारण ९१ होतो, त्यामुळे ‘इथलं रेग्युलर हलकं असतं’ ही भीती निराधार आहे. इथल्या बहुतेक पेट्रोलमध्ये १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉलमध्ये ऊर्जा सुमारे एक तृतीयांश कमी, म्हणून अशा पेट्रोलवर मायलेज तीनेक टक्क्यांनी घटतं. भारतात आलेल्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलबद्दल नातेवाईक जे सांगतात, त्यामागे हेच शास्त्र आहे.

एअर फिल्टर बदलल्याने कार्ब्युरेटरच्या जुन्या गाड्यांचं मायलेज सुधारायचं. आजच्या गाडीत त्याने वेग घेण्याची ताकद सुधारते, मायलेज नाही. ‘चेक इंजिन’चा दिवा मात्र दुर्लक्षित ठेवू नये. ऑक्सिजन सेन्सरसारखा एखादा गंभीर बिघाड दुरुस्त केल्यावर मायलेज ४० टक्क्यांपर्यंत सुधारू शकतं. पेट्रोलच्या नळीवर बसवायची चुंबकं, टाकीत टाकायच्या गोळ्या यांवर पैसे घालवू नयेत. ईपीएने अशी शंभरावर साधनं तपासली. लक्षणीय फायदा देणारं एकही सापडलं नाही.

घरात दोन गाड्या असतील तर

वेस्ट विंडसरच्या अनेक घरांत एक छोटी गाडी आणि एक मोठी व्हॅन किंवा एसयूव्ही असते. ड्यूक विद्यापीठातल्या रिचर्ड लॅरिक आणि जॅक सोल यांनी २००८ मध्ये दाखवून दिलं की मैल-गॅलनचा आकडा आपली दिशाभूल करतो. १०,००० मैलांना १५ मायलेजची गाडी ६६७ गॅलन पिते, २० ची ५००. बचत १६७ गॅलन. ३५ वरून ५० वर गेलं तर २८६ चे २०० होतात, म्हणजे बचत ८६. पाच मैलांची सुधारणा पंधरा मैलांच्या सुधारणेपेक्षा मोठी ठरली, कारण खादाड गाडीचा प्रत्येक मैल महाग असतो. म्हणून ‘माझी गाडी, तुझी गाडी’ हा भेद सोडावा. ज्याला त्या दिवशी जास्त मैल जायचं आहे आणि गाडीत माणसं कमी आहेत, त्याने छोटी गाडी न्यावी. केवळ किल्ल्या बदलल्याने वाचणारं पेट्रोल टायरच्या हवेपेक्षा कितीतरी जास्त असतं.

शेवटी क्रम महत्त्वाचा. आधी फेऱ्या कमी करा आणि जोडा. मग पाय हलका करा आणि मोकळ्या रस्त्यावर वेग आवरा. टपावरचं ओझं उतरवा. त्यानंतर हवा, वजन यांच्या एक-एक टक्क्याकडे वळा. पुढच्या वेळी टाकी फुल कराल तेव्हा ट्रिप मीटर शून्यावर आणा, पावती ठेवून द्या आणि चार टाक्यांचा हिशेब लिहा. मुलांनाही त्यात सामील करा. गाडी चालवायला शिकण्याआधी त्यांनी पेट्रोलचा भागाकार शिकलेला बरा. छोटी गाडी तुम्ही विचार करूनच घेतली आहे, आता ती विचार करून चालवा.